तीन नियतकालिकांचे जबलपूर

‘सत्यकथा’चे अंक चाळल्याशिवाय मराठी नवकथेचा इतिहास लिहिता येत नाही. महाकोशलच्या, म्हणजे जबलपूर आणि आसपासच्या मुलखाच्या, हिंदी साहित्याचेही तसेच आहे. ते अभ्यासायचे तर आधी तिथल्या नियतकालिकांच्या फायली उघडाव्या लागतात. त्यांतली तीन नावे ठळक आहेत: ‘कर्मवीर’, ‘वसुधा’ आणि ‘पहल’. तिन्हींमध्ये मराठीचा धागा सापडतो.

त्याला कारणही आहे. १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. शिक्षण, नोकरी, छापखाना, चळवळ अशा निमित्ताने माणसांची दोन्हीकडे ये-जा असे, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकांचीही.

माधवराव सप्रे हे याचे पहिले मोठे उदाहरण. १८७१मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी आयुष्यभर हिंदीत लिहिले. १९००मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, तर १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. १९२०मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ साप्ताहिक सुरू झाले, त्यामागेही तेच होते. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदींकडे होते. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांचे पती लक्ष्मणसिंह याच पत्रात काम करत. कविता आणि सत्याग्रह तेव्हा एकाच कचेरीत नांदत होते. पुढे ‘कर्मवीर’ खंडव्याला गेले.

स्वातंत्र्यानंतर सूर बदलला. १९५६मध्ये हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई यांनी मित्रांच्या साथीने ‘वसुधा’ काढले. पैशाची ओढाताण कायमची होती आणि मासिक फार वर्षे टिकले नाही. तरी हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तला बराच मजकूर आधी इथेच छापला गेला. मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून नावाजले. १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना आधुनिक कविता मिळाली, पण अभ्यासक्रमांत हे दोघे भाऊ सहसा वेगवेगळ्या विभागांत राहतात.

‘पहल’ १९७३मध्ये सुरू झाले. संपादक ज्ञानरंजन यांचा जन्म अकोल्याचा. साठोत्तरी हिंदी कथेतले हे अग्रणी नाव. जबलपुरात ते कॉलेजात हिंदी शिकवत. त्यांनी स्वतःचे कथालेखन जवळजवळ थांबवले आणि सारी ताकद या अंकांना दिली. कविता, कथा, वैचारिक लेख यांच्याबरोबर जगभरच्या साहित्याची भाषांतरे ‘पहल’ने हिंदी वाचकापुढे ठेवली. मध्ये काही वर्षांचा खंड पडला. २०२१मध्ये, १२५व्या अंकानंतर, ते बंद झाले. दिल्ली-अलाहाबादच्या प्रकाशन वर्तुळाबाहेर राहूनही हिंदीची दिशा ठरवता येते, हे या नियतकालिकाने दाखवून दिले.

लेखकांच्या याद्या पाठ केल्या की प्रदेशाचे साहित्य समजले, असा समज विद्यापीठांत पक्का आहे. पण कोण कुणाला छापत होते, पैसे कुठून येत होते, कोणत्या भाषेतून काय येत होते, हे फायलीच सांगतात. अशी जुनी वृत्तपत्रे-मासिके भोपाळच्या माधवराव सप्रे संग्रहालयाने १९८४पासून जतन केली आहेत. मराठी विषयाच्या संशोधकांनी तिथे जायला हवे. मध्य प्रांतातल्या मराठीचा इतिहास हिंदी मासिकांच्या पानांवरही लिहिलेला आहे, आणि तो वाचण्याचे काम आपलेच आहे.