अर्गोनॉमिक्स संघटना, प्रादेशिक

काम, कामाची साधने आणि कामाची जागा ही माणसाची शरीररचना, शक्ती व आकलनक्षमता यांच्याशी जुळतील अशा रीतीने आखण्याच्या शास्त्रास अर्गोनॉमिक्स असे म्हणतात. या शास्त्राच्या अभ्यासकांच्या व व्यावसायिकांच्या देशोदेशी संघटना असून शेजारच्या देशांतील अशा संघटनांनी एकत्र येऊन काही प्रादेशिक संघही स्थापिले आहेत. त्यांच्या उभारणीस जागतिक व्यावसायिक संस्थांचे मोठे साहाय्य झाले आहे. मात्र हे शास्त्र एका देशातून दुसऱ्या देशात जसेच्या तसे नेता येत नाही. कारण माणसांचा बांधा, हवामान, काम करताना बसण्या-उठण्याच्या सवयी व उपलब्ध भांडवल ही प्रदेशपरत्वे बदलतात. म्हणून प्रादेशिक संघटना आपल्या भागातील काम स्वतः मोजू व सुधारू लागली की नाही, हीच जागतिक संस्थेच्या साहाय्याची खरी कसोटी होय.

पार्श्वभूमी : पोलिश शास्त्रज्ञ व्हॉयचेख यास्त्शेंबॉव्हस्की यांनी १८५७ मध्ये ‘काम’ व ‘नियम’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून या शास्त्राचे नाव बनविले, परंतु ते फारसे प्रचारात आले नाही. दुसऱ्या महायुद्धात विमाने, रडार इ. गुंतागुंतीची यंत्रे हाताळताना होणाऱ्या चुकांचे मूळ पुष्कळदा माणसात नसून यंत्राच्या रचनेत असते, असे दिसून आले. त्यातून शरीरक्रियावैज्ञानिक, मानसशास्त्रज्ञ व अभियंते एकत्र आले आणि १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये के. एफ्. एच्. मरेल व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने या विषयाची संशोधन संस्था निघाली. अमेरिकेतील मानवी घटकविषयक संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली.

युरोपच्या युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी निघालेल्या युरोपीय उत्पादकता अभिकरणाने १९५५ मध्ये मानवी घटकांचा एक विभाग उघडला. कामगाराला कामासाठी घडविण्याऐवजी काम कामगाराला अनुरूप करावे, या विषयावर १९५७ मध्ये नेदर्लंड्समधील लायडन येथे एक परिसंवाद झाला. त्यातून १९५९ मध्ये ऑक्सफर्ड येथे आंतरराष्ट्रीय अर्गोनॉमिक्स संघाची स्थापना झाली. अलीकडे हा संघ आपल्या नावात ‘मानवी घटक’ ही संज्ञाही जोडतो. त्याची पहिली परिषद १९६१ मध्ये स्टॉकहोम येथे भरली.

हा संघ व्यक्तींचा नसून मुख्यतः संघटनांचा आहे. राष्ट्रीय संघटना त्याच्या घटक सभासद असतात व त्यांच्या प्रतिनिधींच्या मंडळातून कारभार चालतो. प्रादेशिक संघांना त्यात जालरूप संघटना म्हणून स्थान आहे. अनेक देशांची मिळून एकच संघटना असल्याचे जुने उदाहरण म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली नॉर्डिक संघटना. युरोपातील संघटनांचा महासंघ २००३ मध्ये निघाला. लॅटिन अमेरिका, आग्नेय आशिया व आफ्रिका येथेही असे संघ आहेत.

साहाय्याचे स्वरूप : जागतिक संस्थांचे साहाय्य मुख्यतः चार प्रकारांनी मिळते. (१) मान्यता : जागतिक संघाचे सभासदत्व मिळाल्याने नवोदित संघटनेस आपल्या देशातील शासन, विद्यापीठे व उद्योग यांच्यापुढे अधिकाराने बोलता येते. (२) व्यावसायिक मानदंड : या संघाने २००० मध्ये शास्त्राची सर्वमान्य व्याख्या स्वीकारली आणि पुढे तज्ज्ञाच्या अंगी कोणती पात्रता असावी याचे निकष व प्रमाणपत्रे देणाऱ्या मंडळांना मान्यता देण्याची पद्धती ठरविली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या अर्गोनॉमिक्सविषयक समितीने तयार केलेले कार्यप्रणालींच्या आराखड्याचे मूलभूत मानक १९८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. (३) शिक्षण : परिषदा, अभ्यासवर्ग, व्याख्याते व पुस्तके यांद्वारे ज्ञानाची देवघेव होते. (४) अन्य संस्थांशी दुवा : आंतरराष्ट्रीय मजूर संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि १९०६ मध्ये मिलान येथे स्थापन झालेला व्यावसायिक आरोग्याचा आंतरराष्ट्रीय आयोग यांच्या कार्याशी प्रादेशिक संघटना जोडल्या जातात.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने या संघाच्या सहकार्याने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली तपासणी-मुद्यांची पुस्तिका हे या सहकार्याचे ठळक फळ होय. तीत १२८ मुद्दे होते. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत ते १३२ झाले. प्रत्येक मुद्यात करावयाची सुधारणा, तिचे कारण व ती अल्पखर्चात करण्याची रीत ही चित्रांसह सांगितली आहेत. उदा., हाताने करावयाचे काम कोपराच्या उंचीवर किंवा किंचित खाली असावे, जड वस्तू उचलून नेण्याऐवजी चाकांच्या गाड्यावरून न्याव्यात. पुस्तिका जशीच्या तशी लागू न करता स्थानिक परिस्थितीस योग्य तेवढेच मुद्दे निवडावेत, अशी तिची योजना आहे.

आग्नेय आशियातील अनुभव : इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर व थायलंड या देशांतील अभ्यासकांची प्रादेशिक संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. पुढे या देशांत स्वतंत्र राष्ट्रीय संघटना बळावल्यावर तिचे रूपांतर अशा संघटनांच्या जाळ्यात झाले. म्हणजे येथे प्रादेशिक संघटना ही राष्ट्रीय संघटनांची बेरीज नव्हती, तर काही अंशी त्यांची जननी होती. विकसनशील देशांतील अर्गोनॉमिक्स या विषयावर आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९८५ मध्ये जाकार्ता येथे परिसंवाद घेतला. बाली बेटावरील उदयन विद्यापीठातील आद्‌न्यान मनुआबा यांनी स्थानिक शेती, हस्तव्यवसाय व लोकांच्या चालीरीती यांना धरून संशोधनाची परंपरा निर्माण केली.

लहान कारखान्यांतील कार्यसुधारणेसाठी मजूर संघटनेने याच काळात आशियात एक प्रशिक्षणपद्धती रूढ केली. तीत मालक व कामगार गटाने एखादा कारखाना पाहतात आणि तेथील तीन चांगल्या गोष्टी व सुधारण्याजोग्या तीन गोष्टी सांगतात. उणिवांपासून सुरुवात न करता शेजाऱ्याने आधीच केलेल्या चांगल्या गोष्टीपासून शिकणे, हे तिचे मर्म होय. १९९५ च्या सुमारास व्हिएटनाममधील कॅन थो भागात तोन थाट खाय, जपानी तज्ज्ञ कझुताका कोगी व त्सुयोशी कावाकामी यांनी हीच पद्धती शेतकरी कुटुंबांसाठी वापरली. स्त्रिया व पुरुष दोघांनाही तीत सहभागी करून घेतले गेले आणि पुढे शेतकरीच प्रशिक्षक बनले. बाहेरचा तज्ज्ञ निघून गेल्यावरही काम चालू राहिले, ते या कारणाने.

भारत : भारतीय अर्गोनॉमिक्स संस्था जागतिक संघाची घटक सभासद आहे. कलकत्ता विद्यापीठात रवींद्रनाथ सेन यांनी या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेचा औद्योगिक शरीरक्रियाविज्ञान विभाग व भारतीय तंत्रविद्या संस्थेतील १९६९ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र यांनीही या विषयास चालना दिली. परदेशी मापांवर बेतलेली यंत्रे ठेंगण्या कामगारास खांदे उचलून काम करावयास लावतात आणि उकिडवे किंवा मांडी घालून केलेल्या कामाची माहिती पाश्चात्त्य कोष्टकांत क्वचितच आढळते. म्हणून देबकुमार चक्रबर्ती यांनी संकलित केलेली भारतीयांची शरीरमापे अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली, ही घटना महत्त्वाची ठरते.

मर्यादा : जागतिक संघाच्या परिषदांची स्थाने पाहिली, तर साहाय्याची विषमता ध्यानात येते. १९६१ ते १९७९ या काळातील सातही परिषदा युरोप व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांत भरल्या. आशियातील पहिली परिषद १९८२ मध्ये टोकिओ येथे व लॅटिन अमेरिकेतील पहिली २०१२ मध्ये ब्राझीलमधील रेसीफे येथे झाली. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील जेजू येथे भरलेल्या बाविसाव्या परिषदेपर्यंत आफ्रिका खंडात एकही परिषद झालेली नव्हती. प्रवासखर्च, सभासद-वर्गणी आणि इंग्रजी भाषेचे प्राबल्य यांमुळे लहान संघटनांचा सहभाग नाममात्र राहण्याचा संभव असतो. ज्या देशांत विषयाचे पूर्ण अभ्यासक्रमच नाहीत, तेथे उच्च पात्रतेचे निकष व्यवसायाची वाट मोकळी करण्याऐवजी अडवूही शकतात.

याहून मोठी अडचण म्हणजे शेती, बांधकाम, हातमाग, ओझी वाहणे यांसारख्या कामांत गुंतलेले असंख्य श्रमिक कोणत्याच संघटित उद्योगात मोडत नाहीत. त्यांच्या पाठीचा व गुडघ्यांचा झिजवा कोणत्याही कारखान्याच्या नोंदवहीत येत नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व जागतिक संघ यांनी २०२१ मध्ये कार्यप्रणालींच्या आराखड्यासंबंधी संयुक्तपणे मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु ती या श्रमिकांपर्यंत त्यांच्या भाषेत व त्यांच्या अवजारांच्या रूपात पोहोचविण्याचे काम प्रादेशिक व राष्ट्रीय संघटनाच करू शकतात. जागतिक संस्था मानदंड, मान्यता व संपर्क देऊ शकते. मापे, शिक्षक व उपाय मात्र ज्या त्या भूमीतच तयार व्हावे लागतात.