वेगवेगळे वाजवा, एकत्र ऐका!

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचा दुसरा गीतसंग्रह ‘द सेकंड कमिंग’ 1990 साली निघाला. त्या काळी रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणात सहसा आधी ड्रम, मग गिटार, शेवटी गाणे अशा स्वतंत्र पट्ट्या एकाच रुंद फितीवर घेत. गायक हेडफोनमधून आधीचे वादन ऐकत गाई.

पण फीत आधी मुद्रण करणाऱ्या हेडवरून जाते, मग ऐकवणाऱ्या. समजा, दोन्हींत 5 सेंमी अंतर आहे आणि फितीचा वेग सेकंदाला 38 सेंमी आहे. म्हणजे सुमारे 1/8 सेकंद उशीर! जालन्याच्या मोती तलावाकाठी 43 मीटरवरून मित्राने वाजवलेली टाळी इतकीच उशिरा ऐकू येईल. ताल चुकायला एवढे पुरे.

मग उपाय? मुद्रण करणाऱ्या हेडचेच शेजारचे भाग जुन्या पट्ट्या ऐकवतात. अंतरच नाही, मग उशीर कुठला?