नावांची यादी अजून पुरी व्हायची आहे

मंडळी, मुंबईहून गोव्याला जाताना बांदा मागे पडलं की पत्रादेवी लागते. पेडणे तालुक्याची ही वेस. इथलं हुतात्मा स्मारक आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं असेल. 15 ऑगस्ट 1955 रोजी इथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग गेले. सहोद्राबाई राय जखमी झाल्या, पण वाचल्या आणि पुढे मध्य प्रदेशातून लोकसभेवर निवडून आल्या. तेरेखोललाही त्याच दिवशी रक्त सांडलं. एकूण किती जण गेले? सत्तर वर्षं झाली तरी पुस्तकागणिक आकडा बदलतो.

त्याच वर्षी 18 फेब्रुवारीला आझाद गोमंतक दलाचे बाळा मापारी कोठडीतल्या छळाने गेले. अस्नोड्याचे, म्हणजे डिचोलीच्या शेजारचेच. त्या काळी गोव्यात मारझोडीसाठी कुप्रसिद्ध असलेला पोलीस एजंट म्हणजे कासिमिरो मोंतेरो. पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल देल्गादो यांच्या खुनाबद्दल 1981 साली तिथल्या न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवलं. ते देल्गादोंसाठी. गोव्यातल्या मारासाठी नव्हे, आणि आता तो हयातही नाही.

माझं आजोळ डिचोलीकडचं. आजीच्या थोरल्या भावाला, आमच्या मामाआजोबांना, चार दिवस चौकीत डांबून मारलं आणि सोडून दिलं. खटला नाही, कागद नाही. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला साधारणपणे सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागतो. चौकीतल्या माराची पावती कोण देणार? मामाआजोबांना पैशाचं फारसं नव्हतं. आपलं नाव कुठेतरी लिहिलं जावं, एवढंच ते म्हणायचे. ते गेले 1998 मध्ये.

शिक्षेची वेळ टळली, खरं शोधायची अजून टळलेली नाही. पोर्तुगीज गुप्त पोलिसांचे, ‘पीडे’चे, कागद लिस्बनच्या तोर्र दो तोंबो अभिलेखागारात आहेत आणि 1994 पासून ते अभ्यासकांना खुले आहेत. आपल्यात कुणी पोर्तुगीज वाचणारं असेल तर त्यांनी जरूर कळवावं. बाकीच्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवावं: नाव, गाव, चौकी, साल. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या घरात आहे. मी आजोळच्या वाड्यावरून सुरुवात केली आहे. दोन घरं झाली, तिसऱ्या घरच्या आजी गणपतीनंतर ये म्हणाल्यात.