बांगडा खाऊन अंगावर लाली का येते? बर्फाचा हिशेब आणि प्रयोगशाळेचा निकाल



गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या घरी घडलेली गोष्ट. दुपारी तळलेला बांगडा जेवले आणि अर्ध्या तासात घरातल्या तिघांची तोंडं लालबुंद झाली. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, अंगावर चट्टे. जिभेला मिरी लागल्यासारखी चुरचुर. दवाखान्यात नेलं, औषध दिलं, संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले. पण शेजारीपाजारी बोलायला लागले की यांना माशाची ॲलर्जी झाली. आता सांगा, जन्मभर मासे खाऊन वाढलेल्या तीन माणसांना एकाच दुपारी ॲलर्जी कशी होईल?

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं. तो बांगडा होडीवर बर्फाशिवाय क्रेटमध्ये होता, जेटीवर आल्यावरही उन्हात राहिला. वासाला ठीक होता, म्हणून घरी नेला. आम्ही या विषयाची माहिती जमवली, ती सगळ्यांना कळावी म्हणून हे लिहीत आहोत.

हे विष येतं कुठून?

याचं नाव हिस्टामिन. बांगडा, तारली, कुपा, इसवण अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा एक घटक मोकळ्या स्वरूपात भरपूर असतो. तो वाईट नाही, माशाच्या अंगचाच आहे. पण माशाच्या कल्ल्यांत आणि पोटात जिवाणू असतात. मासा जिवंत असेपर्यंत ते मांसात शिरत नाहीत. मासा मेला आणि गरम राहिला की ते पसरतात, वाढतात. त्यांतल्या काही जिवाणूंकडे एक एन्झाइम असतं, ते हिस्टिडिनचं हिस्टामिन करतं. मॉर्गनेला मॉर्गनी हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध जिवाणू. जपानी संशोधकांनी १९५०च्या दशकातच माशातून होणाऱ्या अशा विषबाधेचा संबंध हिस्टामिनशी आणि या जिवाणूशी जोडला होता.

पांढऱ्या मांसाच्या बहुतेक माशांत मोकळं हिस्टिडिन फार कमी असतं. म्हणून पापलेट खराब झालं तर पोट बिघडेल, पण ही अशी लाली सहसा येणार नाही.

ॲलर्जी नाही, हे कशावरून?

हिस्टामिन आपल्या शरीरातही असतं. इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली त्याचे परिणाम तपासले. खऱ्या ॲलर्जीत आपल्याच शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, म्हणून चट्टे उठतात. मग मासा खाऊन आलेली लाली शरीराच्या हिस्टामिनमुळे की माशातल्या? दिसायला दोन्ही सारखंच.

याचं उत्तर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९१ साली छापलं. मार्लिन मासा खाऊन आजारी पडलेल्या लोकांची लघवी त्यांनी तपासली. मास्ट पेशी फुटल्या तर हिस्टामिनबरोबर प्रोस्टाग्लँडिन डी-२ नावाचा दुसरा पदार्थही बाहेर पडतो आणि त्याची खूण लघवीत सापडते. या रुग्णांत हिस्टामिन खूप वाढलं होतं, पण ती दुसरी खूण वाढलेली नव्हती. म्हणजे शरीराने हिस्टामिन सोडलंच नव्हतं, ते माशातून आलं होतं.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ॲलर्जी असेल तर दोष खाणाऱ्याच्या अंगात. हिस्टामिन असेल तर दोष मासा सांभाळण्यात, म्हणजे आपल्या हातात.

तळला, उकडला, फ्रीजमध्ये टाकला तर?

उपयोग नाही. शिजवल्यावर जिवाणू मरतात, एन्झाइमही निकामी होतं. पण तयार झालेलं हिस्टामिन उष्णतेने जात नाही. कालवण करा, तळा, डब्यात बंद करून निर्जंतुक करा, ते तसंच राहतं. गोठवूनही जात नाही. उलट एन्झाइम एकदा तयार झालं असेल तर जिवाणू थांबल्यावरही थंडीत ते हळूहळू काम करत राहू शकतं. सुकवलेल्या माशाचंही तेच. ज्या बांगड्यात आधीच हिस्टामिन झालं, त्याचा सुका बांगडाही तसाच.

वासावर जाऊ नका. हिस्टामिनला ओळखू येईल असा वास नाही, रंग नाही. मासा वासाला बरा असूनही त्यात ते असू शकतं. एकाच क्रेटमधल्या एका बांगड्यात भरपूर आणि शेजारच्यात जवळजवळ नाही, असंही होतं. म्हणूनच युरोपात माल जातो तेव्हा एका लॉटमधून ९ नमुने काढतात. त्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, फक्त दोन नमुने १०० ते २०० मध्ये चालतात आणि २०० च्या वर एकही नाही. एक मासा घसरला तर सगळा लॉट परत.

सहा तासांचा हिशेब

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे: हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत तो बर्फात गेलाच पाहिजे. आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस हे तापमान असतंच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घड्याळ मासा *मेल्यापासून* सुरू होतं, होडीवर आल्यापासून नाही. रात्री टाकलेल्या जाळ्यात जो मासा आधीच मेला, त्याचे तास पाण्यातच संपत असतात. म्हणून जाळं जितकं लवकर ओढाल तितकं बरं, आणि आधी मेलेला मासा वेगळा काढा.

आता बर्फ किती? साधं गणित करून पाहू. १० किलो बांगडा ३० अंशांवरून शून्यापर्यंत आणायला साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळावा लागतो. पण हे झालं फक्त मासा थंड करायला. शिवाय क्रेट तापलेलं, ऊन आहे, वारा आहे, जेटीवर थांबायचं आहे, पुढे टेंपो आहे. म्हणून उष्ण हवेत माशाइतकाच बर्फ, किलोला किलो, हे धोरण ठेवतात. खाली बर्फ, मग मासे, वर बर्फ, असे थर लावा. नुसता वर बर्फ टाकला तर खालचा मासा गरमच राहतो.

बर्फ म्हणजे कायमची हमी नाही, हेही सांगून ठेवतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००६ मध्ये मॉर्गनेलाचाच एक भाऊबंद शोधला, तो शून्य ते पाच अंशांतही वाढतो. हळू वाढतो, पण वाढतो. त्यामुळे बर्फातला मासाही लवकर विकलेला बरा.

घरच्यांसाठी दोन गोष्टी

मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल झालं, डोकं दुखलं, तोंडात मिरीसारखी चव आली तर डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता, आणि आणखी कुणाला त्रास झाला ते सांगा. हिस्टामिनविरोधी औषधाने बहुतेकांना लवकर आराम पडतो. श्वास लागला किंवा चक्कर आली तर एक मिनिटही थांबू नका, दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट टीबीचं औषध चालू असलेल्यांसाठी. आपल्या आतड्यातलं एक एन्झाइम थोडंफार हिस्टामिन मोडून टाकतं. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड हे औषध ते काम अडवतं. अशा माणसाला थोड्या हिस्टामिननेही जास्त त्रास होऊ शकतो. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, पण बांगडा-कुपा खायचा तर ताजा आणि बर्फातलाच, आणि डॉक्टरांना विचारून.

शेवटचं

काही जण म्हणतील, बर्फाचा खर्च परवडत नाही. खरं आहे, बर्फ स्वस्त नाही. पण २०१८ साली गोव्यात फॉर्मेलिनच्या बातमीने काय झालं ते आठवा. ज्यांनी कधी माशाला औषध लावलं नाही त्यांच्या टोपल्याही बाजारात तशाच पडून राहिल्या. गिऱ्हाईक कुठला मासा कुणाचा हे विचारत बसत नाही. हिस्टामिन तर कुणी बाहेरून घालत नाही, ते आपल्या दिरंगाईतून तयार होतं. त्या घरातल्या तिघांनी दोन महिने बांगडा शिवला नाही, आणि ते आपलेच लोक. बाहेरचं गिऱ्हाईक तर परत येणारच नाही.

या हंगामात होडीवर जाताना डिझेल मोजता तसा बर्फ मोजा. तांडेल आणि खलाशांना हे वाचून दाखवा. बाजारात बसणाऱ्या आपल्या ताया-मावश्यांनाही सांगा, टोपलीत बर्फ कमी पडला तर आधी बर्फ आणा, मग भाव करा. काही विचारायचं असेल तर कार्यालयात या, बसून बोलू.

आपले,
सचिव व संचालक मंडळ