तीन दोस्त्या, तीन काडीमोड

अल्बानियात कुचोवा नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथला लष्करी विमानतळ ४ मार्च २०२४ रोजी नव्यानं सुरू झाला, तो नाटोचा हवाई तळ म्हणून. हाच विमानतळ १९५०च्या दशकात सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, तेव्हा या शहराचं नावच मुळी 'स्टालिनचं शहर' असं ठेवलेलं होतं. पुढे तिथे मिग विमानांच्या चिनी आवृत्त्या आल्या. सत्तर वर्षांत या एका धावपट्टीनं एकमेकांचे हाडवैरी असलेले तीन धनी पाहिले.

क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, १९६०च्या सुमाराला लोकसंख्या जेमतेम सोळा लाख. एवढ्याशा देशानं आधी युगोस्लाव्हिया, मग सोव्हिएत संघ, मग चीन अशा तिघांशी जिवाभावाची मैत्री केली आणि तिघांशीही कडाक्याचं भांडण करून ती मोडली. ही गोष्ट बहुतेक वेळा एन्वर होजा या माथेफिरू हुकूमशहाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. होजा क्रूर होता, संशयी होता, यात वाद नाही. पण माथेफिरूपणानं सगळं उलगडत नाही. तिन्ही ताटातुटींचा क्रम नीट पाहिला, तर त्यात एकच भीती पुन्हा पुन्हा डोकं वर काढताना दिसते: आपला पाठीराखा आपल्या शेजाऱ्याशी समेट करील आणि त्या समेटात आपला बळी जाईल.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. १९१२ साली अल्बानियानं ऑटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि पाठोपाठ लंडनमध्ये बसलेल्या महासत्तांनी सीमा अशा आखल्या, की कोसोवोसह अल्बानियन भाषकांचा फार मोठा हिस्सा देशाबाहेर राहिला. १९१५च्या गुप्त करारात तर उरलेल्या देशाचेही वाटे ठरले होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात राजा झोग इटलीच्या कर्जावर आणि संरक्षणाच्या हमीवर विसंबला. त्याच इटलीनं ७ एप्रिल १९३९ रोजी देशात फौजा उतरवल्या आणि राजाला पळून जावं लागलं. जवळचा पाठीराखा गिळून टाकतो, हा धडा होजाच्या पिढीनं डोळ्यांदेखत घेतला.

१९४१ साली अल्बानियन कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, तो युगोस्लाव कार्यकर्त्यांच्या मदतीनं. युद्धानंतर दोन्ही देशांचा व्यवहार इतका एकजीव झाला, की चलनं एकमेकांना जोडली गेली आणि जकातीच्या भिंती पाडल्या गेल्या. पुढचं पाऊल म्हणजे युगोस्लाव्हियाचं सातवं प्रजासत्ताक होणं. मिलोवान जिलास या युगोस्लाव नेत्यानं पुढे लिहून ठेवलं आहे, की १९४८च्या आरंभी खुद्द स्टालिननं त्याच्याजवळ, तुम्ही अल्बानिया गिळायला आमची हरकत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. होजाची खुर्ची त्या वेळी डळमळत होती. युगोस्लावांचा लाडका गृहमंत्री कोची झोझे त्याच्या जागेवर टपून बसला होता.

जून १९४८मध्ये स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो यांचं फाटलं, आणि होजा वाचला. त्यानं चुटकीसरशी बाजू बदलली, बेलग्रेडशी झालेले करार रद्द केले, सल्लागारांना घालवून दिलं. वर्षभरात झोझेला मृत्युदंड झाला. इथे एक गोष्ट ठसठशीत दिसते, आणि ती मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते. आघाडी बदलली, की जुन्या मित्राचे 'हेर' सापडत आणि ते मारले जात. देशाच्या परराष्ट्र धोरणाला होजाच्या घरच्या हिशेबापासून कधीच वेगळं काढता येत नाही.

नवा पाठीराखा मॉस्को दूर होता, ही होजाची मोठी सोय. मध्ये टिटोचा अख्खा देश आडवा. सोव्हिएत पैसा, अभियंते, यंत्रं आली. व्लोराच्या आखातात पाणबुड्यांचा तळ झाला. भूमध्य समुद्रात सोव्हिएत आरमाराला मिळालेली ती दुर्मीळ जागा होती. १९५५च्या मे महिन्यात अल्बानिया वॉर्सा कराराचा संस्थापक सदस्य झाला. त्याच महिन्यात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह बेलग्रेडला गेले, टिटोशी दिलजमाई करायला. पुढच्या वर्षी त्यांनी स्टालिनचीच लक्तरं वेशीवर टांगली. होजाचं राज्य स्टालिनच्या तसबिरीखाली चालत होतं. दोन्ही खांब एकदम हलले.

१९५९ साली ख्रुश्चेव्ह अल्बानियाच्या दौऱ्यावर आले आणि उदार मनानं सल्ला देऊन गेले, की अवजड उद्योगांच्या मागे लागू नका, संत्री-लिंबं पिकवा, धान्य आम्ही देऊ. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. राजधानी तिरानानं गहू मागितला तेव्हा मॉस्कोनं हात आखडता घेतला. नोव्हेंबर १९६०मध्ये जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्को परिषदेत होजा उभा राहिला आणि ख्रुश्चेव्ह यांच्यासमोर त्यांना खडे बोल सुनावले. १९६१ साली तंत्रज्ञ परत गेले, मदत थांबली. तळावरच्या पाणबुड्यांवरून अक्षरशः रस्सीखेच झाली. सोव्हिएतांनी बहुतेक नेल्या, चार अल्बानियाकडे राहिल्या. डिसेंबरात राजनैतिक संबंधही संपले.

त्या टंचाईत गहू आला तो चीनकडून. चीननं कॅनडाकडून विकत घेतलेल्या गव्हाची जहाजं अल्बानियाकडे वळवली. त्या काळात चीनमध्ये 'मोठ्या झेपे'नंतरच्या दुष्काळात माणसं लाखोंनी मरत होती. एका राष्ट्राची प्रतिष्ठा आणि दुसऱ्या राष्ट्राची निष्ठा यांची किंमत हेनान-आन्हुई या चिनी प्रांतांतल्या खेड्यांनी पोट मारून चुकवली. मैत्रीच्या करारांबद्दल वाचताना ही खेडी मला विसरता येत नाहीत.

चीन तर मॉस्कोहूनही दूर. सतरा वर्षं तिथून पैसा आला, कारखाने आले, एल्बासानचा पोलाद प्रकल्प आला, रेडिओ तिरानाचे जगभर ऐकू जाणारे प्रक्षेपक आले. बदल्यात अल्बानिया संयुक्त राष्ट्रांत चीनचा वकील झाला. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी तैवानला बाहेर काढून बीजिंगला जागा देणारा ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर झाला. तो आजही 'अल्बानियाचा ठराव' म्हणून ओळखला जातो. पण त्याच आठवड्यात अमेरिकेचे किसिंजर बीजिंगमध्ये बसून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीची आखणी करत होते. होजानं ऑगस्टमध्येच माओंना पत्र पाठवून या भेटीला विरोध केला होता. नोव्हेंबरात अल्बानियन पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा चीनचं शिष्टमंडळ आलंच नाही. माओंच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट १९७७मध्ये, बीजिंगनं पाहुणा म्हणून कोणाला बोलावलं? टिटोला. जुलै १९७८मध्ये चीननं मदत तोडली.

आता दूरचा कोणी उरला नव्हता. १९७६च्या राज्यघटनेनं परकीय कर्ज घ्यायलाच बंदी घातली होती. देशभर काँक्रीटच्या कमानदार छपराच्या खंदककोठ्या उभ्या राहत होत्या, डोंगरांवर, शेतांत, समुद्रकाठी. कागदपत्रांत त्यांचा आकडा पावणेदोन लाखांच्या आसपास जातो. घरं बांधायला हवं असलेलं सिमेंट आणि लोखंड त्यांत गेलं. १९८१ साली होजाचा जन्माचा साथी, पंतप्रधान मेहमेत शेहू, गोळी लागून मेला. त्याला मरणोत्तर एकाच वेळी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांचा हेर ठरवण्यात आलं.

बंद दाराची झळ किती लांब पोचते, याचं एक टोक कोलकात्यात आहे. मदर तेरेसा जन्मानं अल्बानियन. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. आईला भेटायची त्यांची धडपड वर्षानुवर्षं चालली, विनवण्या झाल्या, परवानगी मिळाली नाही. आई १९७२ साली वारली. मदर तिरानाला पोचल्या १९८९मध्ये, होजाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, ते कबरींचं दर्शन घ्यायला. आज तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

१९९१ साली राजवट कोसळली, आणि जूनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर तिरानात आले तेव्हा लाखोंची गर्दी रस्त्यावर उतरली. तेव्हापासूनची अमेरिकेवरची निष्ठा ढळलेली नाही. १९९९ साली नाटोनं कोसोवोसाठी सर्बियावर बाँब टाकल्यावर तर ती पक्कीच झाली. २००९मध्ये अल्बानिया नाटोत गेला. दूरच्या बलवानाला धरायची जुनी रीत याही निवडीत आहे, असं मला वाटतं. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. या निवडीचीही किंमत पडते: इराणच्या विरोधकांना अमेरिकेच्या विनंतीवरून आसरा दिल्यानंतर २०२२ साली सरकारी संगणक यंत्रणेवर मोठा हल्ला झाला आणि तिरानानं तेहरानशी संबंध तोडले. इटलीशी २०२३मध्ये झालेल्या करारानं समुद्रात अडवलेल्या स्थलांतरितांची केंद्रं अल्बानियाच्या भूमीवर आली. पण या कराराला विरोधी खासदारांनी घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं, न्यायालयानं तो रोखून धरला, आणि २९ जानेवारी २०२४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर केला. विरोधात मत देणाऱ्या चार न्यायाधीशांना कोणी हेर ठरवलं नाही.