संगणकाची राखण (लेखांक ५) : अँटिव्हायरस कोणता घ्यायचा?

गेल्या आठवड्यात आपण पासवर्ड पाहिले. आता अँटिव्हायरसकडे वळू. भिवंडीतल्या सूत व्यापाऱ्याच्या गाळ्यात किंवा काल्हेर-राहनाळच्या गोदामाच्या ऑफिसात बहुधा एकच संगणक सगळा भार वाहतो. टॅली त्याच्यावर, जीएसटी त्याच्यावर, बँकही त्याच्यावरच, आणि व्हॉट्सअॅप वेब दिवसभर उघडं. तो बंद पडला की ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक दारातच उभा राहतो.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, ते आपल्याच बंदरात दिसलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क या जागतिक जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं त्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हा व्हायरस शिरला होता. त्याने विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा फायदा घेतला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. शिवाय तो पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकांतही घुसत होता. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागत होता, पण ती भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

आपल्याकडे येणारा व्हायरस मात्र बिलाचं सोंग घेऊन येतो. ईमेलमधली फाइल उघडण्याआधी तिचं नाव शेवटपर्यंत वाचा. ‘इन्व्हॉइस.पीडीएफ’च्या पुढे ‘.ईएक्सई’ असेल, तर ते बिल नव्हे, प्रोग्रॅम आहे. ही शेवटची अक्षरं विंडोज मुळात लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, म्हणजे ती दिसू लागतील.

आता निवडीकडे. विंडोज अस्सल असेल आणि त्याला अपडेट मिळत असतील, तर त्यातच असलेला डिफेंडर घरच्या संगणकाला पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिथे आधी विंडोज ११ कडे जाता येतं का ते पाहा. जुन्या विंडोजची भोकं अँटिव्हायरस बुजवत नाही.

ऑफिसात पाच-दहा संगणक एकमेकांना जोडलेले असतील, तर पैसे मोजून व्यावसायिक आवृत्ती घ्यावी. कोणत्या संगणकाचं अपडेट राहिलं, कुठे पेनड्राइव्ह लागला, हे त्यात एका जागी दिसतं. पुण्याचं क्विक हील आपल्याकडे सर्वपरिचित आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले, त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये तो बाजारात आला. या वाटचालीचा अभिमान जरूर बाळगावा, पण खरेदी ताज्या चाचणीवरूनच करावी. जर्मनीची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्हज हीही असेच निकाल मोफत प्रसिद्ध करते. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकासाठी वेगाचे गुण आधी बघा. टॅली उघडायला वेळ लागू लागला की ऑफिसातलं कुणीतरी अँटिव्हायरस बंद करतं आणि घेतलेलं लायसन्स वाया जातं.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका. ते एकमेकांच्या कामात आडवे येतात. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर एकतर त्याचं नूतनीकरण करा, नाहीतर तो काढून टाका. काढला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

चोरीचं सॉफ्टवेअर बसवताना ‘अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा’ असं सांगतात. तेवढ्या वेळात काय आत शिरलं, ते मग कुणीच पाहत नाही. असं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे, त्यावरून बँकेचा व्यवहार करू नये.

अँटिव्हायरस कोणताही घेतलात, तरी टॅलीच्या डेटाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज घ्या, आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो. बॅकअपची ही पद्धत पुढच्या लेखात सविस्तर पाहू. तोवर आपल्या संगणकावर विंडोज कोणतं आहे, एवढं तपासून ठेवा.