कच्चं लिंबू आणि तरंगत्या गाड्या

मैत्रिणींनो, सुट्ट्या लागल्या की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एकच विषय निघतो. ‘ताई, पोरं त्या गाड्यांच्या गेममधून डोकं वर काढत नाहीत हो!’ पाथर्डी असो की राहुरी, गाऱ्हाणं तेच. मी उलट विचारते, गेम कुठला? एकटा खेळतो की भावंडं मिळून? बहुतेकींना सांगता येत नाही. ‘असेल काहीतरी ढिशुम ढिशुम’ म्हणत आपण स्वयंपाकघरात निघून जातो.

या गाड्यांच्या खेळांत एक भलतीच गमतीची जात आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९९० साली ‘एफ-झीरो’ नावाचा गेम काढला. त्यातलं साल २५६०! गाड्यांना चाकंच नाहीत, त्या जमिनीवरून तरंगत पळतात. मग १९९२ मध्ये त्याच कंपनीचा ‘सुपर मारिओ कार्ट’ आला आणि शर्यतीचा नुसता गोंधळ झाला. केळं टाकून मागच्याला घसरवायचं, कासवाचं कवच भिरकावून पुढच्याला उलटवायचं. आपल्या नगरच्या व्हीआरडीईच्या ट्रॅकवर लष्कराच्या गाड्या तपासतात ना, तिथल्या साहेबांनी हे ड्रायव्हिंग पाहिलं तर कपाळावर हात मारून घेतील.

गंमत म्हणजे ही कंपनी १८८९ मध्ये सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनवायला. चार माणसं एकत्र बसवायची कला तिला जुनीच!

खरी खुबी पुढेच आहे. वाटेत खोकी ठेवलेली असतात, त्यातून वस्तू मिळतात. जो पुढे आहे त्याला साधं केळं आणि जो शेवटी रखडतोय त्याच्या पदरात जबरदस्त हत्यार. म्हणून तर सराईत पोरगा आणि पहिल्यांदाच बटणं दाबणारी आजी एका शर्यतीत उतरू शकतात, आणि आजी कधीकधी जिंकतेही. लपाछपीत आपण धाकट्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचो की नाही, अगदी तस्संच.

पण आपल्या घरात त्या शर्यतीत उतरतं कोण? आमच्या शाळेच्या दिवसांत, नव्वदच्या दशकात, बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर असायचं. आत सगळे मुलगेच. एखादी मुलगी नुसती दारात थबकली तरी तिच्या आधी बातमी घरी पोहोचायची. आता खेळ घरात आलाय, तरी रिमोट भावाच्याच हातात. बहिणीनं मागितला की ‘तुला नाही जमायचं’. आणि आपणही तिलाच हाक मारतो, ‘चल गं, पोळ्या लाटायला ये.’ मला हे फार खटकतं. तिला जमत नाही कारण तिला कधी बसूच दिलं नाही!

श्रीरामपूरच्या एका मैत्रिणीनं घरात नियमच केलाय. तीन शर्यती झाल्या की रिमोट बदलायचा, आणि मुलीची पाळी चालू असताना तिला कामाला हाक मारायची नाही. सासूबाईंनाही मधूनमधून बसवतात.

मारिओची यंत्रं महाग, हजारोंच्या घरातली. पण त्याच धर्तीचा ‘सुपरटक्सकार्ट’ नावाचा गेम अगदी फुकट आहे. जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून बनवलाय, जाहिराती नाहीत की पैशांची मागणी नाही. घरातल्या कॉम्प्युटरवर चालतो, अँड्रॉइड फोनवरही चालतो. एकाच पडद्याचे भाग पाडून भावंडं शेजारी बसून खेळू शकतात.

फोनवरच्या इतर पुष्कळ गेममध्ये मात्र ‘नवी गाडी हवी? पैसे भरा’ असं सारखं पुढे येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण गेममधली गाडी विकत घेणं म्हणजे पैसे लावणं नव्हे, ते चालूच आहे. तेव्हा पैसे पाठवायच्या ॲपचा पिन पोरांना सांगू नका, कितीही लाडात आली तरी.

आणि रविवारी दुपारी भांडी तशीच ठेवून एकदा स्वतः बसा. एका बटणानं गाडी पळते, दोन बटणांनी वळते, आणखी एकानं हातातली वस्तू फेकता येते, सुरुवातीला एवढं पुरतं. पहिल्या फेरीत गाडी भिंतीवर आदळेल, पोरं खिदळतील. खिदळू देत. शेवटून पहिल्या असाल तर खोकं चुकवू नका, आणि त्यातून जे निघेल ते सरळ चिरंजीवांच्या गाडीवर सोडा.